वाहत्या बर्फावर समुद्र मोजणारी उपकरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्क्टिक महासागरावर तरंगणाऱ्या बर्फाला भोक पाडायचं, खालच्या पाण्यात उपकरणं सोडायची आणि निघून यायचं. सांगायला काम एवढंच. पण सांगितलं की समोरच्याचे प्रश्न सुरू होतात आणि बहुतेक वेळा ते तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरामागे एकच अडचण आहे, ती आधीच सांगतो: एकदा तिथून उठलो की त्या जागी परत जाता येत नाही, कारण ती जागाच तिथे राहत नाही.

एवढा खटाटोप कशाला? उपग्रह आहेत, जहाजं आहेत.

उपग्रहाला बर्फाचा वरचा पृष्ठभाग दिसतो. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात शिरतच नाहीत, त्यामुळे दोनशे मीटर खाली पाणी किती ऊबदार आहे ते आकाशातून कळायला मार्ग नाही. जहाजं जातात, पण मुख्यतः उन्हाळ्यात, आणि तीही काही आठवडे. इतर महासागरांत आपोआप खाली-वर करणारे आर्गो फ्लोट हजारोंनी सोडलेले आहेत. त्यांना माहिती पाठवायला पृष्ठभागावर यावं लागतं आणि इथे डोक्यावर बर्फाचं छप्पर असतं. मग उरतो उपाय एकच. तो बर्फच फलाट म्हणून वापरायचा आणि तो नेईल तिथे जायचं.

ही कल्पना नवी आहे का?

मुळीच नाही. १८८१मध्ये ‘जॅनेट’ नावाचं जहाज सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं आणि त्यावरच्या वस्तू १८८४मध्ये थेट ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ सापडल्या. नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेनने त्यावरून ताडलं की बर्फ सबंध महासागर ओलांडून वाहतो. मग त्याने ‘फ्राम’ हे जहाज सप्टेंबर १८९३मध्ये मुद्दाम बर्फात गोठवून घेतलं. ते ऑगस्ट १८९६मध्ये, नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या स्वालबार्ड बेटांजवळ मोकळं झालं.

या मोहिमेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट दोरीची आहे. ध्रुवाकडचा समुद्र उथळ असणार या समजुतीने त्यांनी खोली मोजायला पुरेशी दोरी नेलीच नव्हती. प्रत्यक्षात तळ लागेना. शेवटी जहाजावरचा एक पोलादी दोर उकलून, त्याचे पदर सुटे करून, एकाला एक जोडून त्यांनी तिथेच लांब तार तयार केली आणि समुद्र तीन हजार मीटरांहून खोल असल्याचं शोधलं. सोबत आणलेलं सामान कमी पडणं ही या कामाची जुनी परंपराच म्हणायची.

पुढे २१ मे १९३७ रोजी सोव्हिएत विमानांनी इवान पापानिन आणि त्याच्या तीन साथीदारांना ध्रुवाजवळच्या बर्फावर उतरवलं. हाताने फिरवायच्या विंचवर, म्हणजे दोर गुंडाळायच्या रहाटावर, त्यांनी तिथली खोली मोजली, ती ४,२९० मीटर भरली. १९ फेब्रुवारी १९३८ रोजी त्यांना उचललं तेव्हा ते ग्रीनलंडच्या पूर्वेला येऊन पोचले होते आणि पायाखालची बर्फाची लादी तुटत तुटत अगदी लहान झाली होती. आजची उपकरणं तेच काम करतात, फक्त माणूस घरी असतो.

नेमकं काय बसवतात?

प्रकार बरेच आहेत. सर्वात साधा म्हणजे जागा, हवेचा दाब आणि तापमान कळवणारा बोया, म्हणजे बर्फावर ठेवलेला, संदेश पाठवणारा डबा. असे बोये १९७९पासून सतत सोडले जात आहेत. दुसरा प्रकार बर्फाची जाडी मोजणारा: बर्फातून आरपार सोडलेली तापमापकांची साखळी. काही साखळ्यांत प्रत्येक तापमापक किंचित गरम करून तो किती वेगाने निवतो ते पाहतात. बर्फात एक, पाण्यात दुसरा, भुसभुशीत हिमात तिसरा, असे वेग वेगवेगळे येतात. त्यावरून साखळीचा कुठला भाग कशात आहे ते कळतं.

पण समुद्रशास्त्राच्या दृष्टीने खरा घोडा म्हणजे बर्फाला टांगलेला प्रोफायलर. अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेने तो तयार केला आणि पहिला २००४मध्ये अलास्काच्या उत्तरेकडच्या बोफर्ट समुद्राच्या बाजूला बसवला. तेव्हापासून असे शंभराहून जास्त बसवून झाले आहेत. बर्फावर पिवळा बोया, त्याखाली साधारण ८०० मीटरपर्यंतची प्लास्टिकचं आवरण असलेली पोलादी तार, टोकाला शंभर किलोहून जास्त वजन. या तारेवर माणसाच्या उंचीच्या आसपासची एक नळी, हाच खरा प्रोफायलर, आत मोटर, बाहेर तारेला घट्ट धरणारं चाक. नळी असं वजन घालून तोललेली असते की पाण्यात ती ना बुडते ना वर येते. म्हणून सेकंदाला पंचवीस सेंटिमीटरच्या आसपासच्या वेगाने ती थोड्याशा विजेवर तार चढते-उतरते आणि जाता जाता पाण्याचं तापमान, क्षारता, दाब नोंदवते. साडेसातशे मीटरांची एक फेरी पाऊण-एक तासात होते.

लादी कशी निवडता?

खरं काम हेच. बसवणं एका दिवसात उरकतं, निवडीत मात्र कित्येक दिवस जातात आणि चुकते तीही निवडच.

आधी उपग्रहाच्या रडार चित्रांवर मोठ्या, एकसंध दिसणाऱ्या लाद्या हेरतात. मग हेलिकॉप्टरने वरून पाहणी. नवा बर्फ करडा आणि सपाट दिसतो. एकदोन उन्हाळे काढलेला बर्फ गोलसर, लाटालाटांचा दिसतो आणि त्यावरची वितळलेल्या पाण्याची डबकी निळसर असतात. जुना बर्फ बहुधा जाड आणि टणक असतो, म्हणून आपल्याला तो हवा असतो. ओळखायची आणखी एक जुनी रीत आहे: उंचवट्यावरचा चुरा जिभेवर ठेवायचा. वर्षागणिक खारं पाणी निथळून गेल्यामुळे जुन्या बर्फाचा वरचा भाग जवळजवळ गोडा लागतो. नवा खारट लागतो. उपकरणांच्या जमान्यातही मी हे करतो आणि लाजत नाही.

उतरल्यावर पाच सेंटिमीटरच्या बारीक गिरमिटाने ठिकठिकाणी भोकं पाडून जाडी मोजतात. एकाच भोकावर विसंबलात तर फसलात. वरून सपाट दिसणाऱ्या लादीत दहा पावलांवर जाडी अडीच मीटरची सव्वा मीटर होते. साधारण दोन ते तीन मीटर, सलग, कडेपासून लांब आणि लाद्या एकमेकींवर आदळून उभ्या राहिलेल्या बांधांपासूनही लांब, अशी जागा हवी. फार जाड बर्फही नको. गिरमिटाच्या जोडण्या संपतात, आणि बांधाखालच्या जाड भागात पोकळ्या असतात.

मनासारखी लादी मिळतेच असं नाही. २०१९च्या शरद ऋतूत आर्क्टिकचा अभ्यास करणाऱ्या मोझेइक या आंतरराष्ट्रीय मोहिमेचं ‘पोलारश्टेर्न’ हे जहाज वर्षभर वाहत जायला लादी शोधत होतं. जी मिळाली तिचा बराचसा भाग पातळ होता आणि मधला एक गाभा तेवढा भक्कम. त्यांनी ती पत्करली. जुलै २०२०च्या अखेरीस, ग्रीनलंड आणि स्वालबार्ड यांच्यामधल्या फ्राम सामुद्रधुनीजवळ ती फुटली. त्या अक्षांशावर, त्या महिन्यात, कुठलीही फुटली असती.

भोक कसं पाडतात?

पंचवीस सेंटिमीटर रुंद पात्याचं, इंजिनावर चालणारं ऑगर, म्हणजे मोठं गिरमिटच. दोघांनी दोन बाजूंनी धरायचं. एक मीटर खाली गेलं की थांबून जोडणी घालायची, पुन्हा खाली. नियम एकच: भोकात पातं ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. थंड बर्फात दोन मिनिटं थांबलं तर चुरा गोठून पातं अडकतं आणि मग ते सोडवण्यात अर्धा दिवस जातो.

शेवटच्या क्षणी हाताला अचानक काही अडसरच उरत नाही, पातं खाली सटकतं. त्यासरशी भोकातून काळसर पाणी फसफसत वर येतं. बघताना वाटतं आता ते बाहेर येऊन सगळं भिजवणार. पण तीन मीटरच्या बर्फात ते काठाच्या खाली तीसेक सेंटिमीटरवर येऊन थांबतं, कारण लादीचा साधारण तेवढाच भाग समुद्रसपाटीच्या वर असतो. भोक पाडल्यावर एवढ्या एका गोष्टीने आपण जमिनीवर नाही याची खात्री पटते.

मग झाऱ्यासारख्या मोठ्या गाळणीने भोकातला चिखल काढत राहायचा. बर्फाचा हा भुगा काढून संपत नाही. ज्याच्या हाती काही काम नाही त्याच्या हातात झारा देतात.

आणि मग तार कशी सोडतात?

भोकावर तिपाई उभी करायची, तिला कप्पी, बाजूला विंच. आधी वजन पाण्यात, त्यामागून तार हळूहळू. नंतर प्रोफायलर तारेवर चढवायचा. हा भाग घाईचा असतो. क्षारता मोजणाऱ्या सेन्सरची नळी काचेची असते. तीत पाणी राहिलं आणि उणे पंचवीस अंशांत गोठलं तर काच तडकते. म्हणून तो तंबूत किंवा गरम पेटीत ठेवून अगदी शेवटी बाहेर काढतात आणि लगेच पाण्यात सोडतात. समुद्राचं पाणी उणे १.८ अंश म्हणजे त्या मानाने ऊबच. शेवटी तारेचं वरचं टोक बोयाला जोडायचं, भार तिपाईवरून बोयावर उतरवायचा आणि तिपाई काढून घ्यायची.

भोकाजवळ सुटं काही ठेवू नये. माझ्या हातून एकदा शॅकलची, म्हणजे जोडकडीची, खीळ निसटली. टुपुक आवाज झाला आणि ती तीन हजार मीटर खाली गेली. दुसरी होती म्हणून वाचलो. तेव्हापासून पाने, खिळी, चिमटे सगळं दोरीने मनगटाला बांधून काम करतो.

किती माणसं लागतात? किती वेळ?

तीन-चार सरावलेली माणसं आणि चार ते सहा तास, हवा धड असेल तर. धुकं आलं तर हेलिकॉप्टर परत बोलावतं आणि अर्धं काम टाकून निघावं लागतं.

वर्षातून कधी जातात?

दोन वेळा. मार्च-एप्रिलमध्ये उजेड असतो आणि बर्फ सर्वात जाड असतो, तेव्हा स्की लावलेली छोटी विमानं थेट लादीवर उतरतात. थंडी मात्र उणे वीस-तीस. साध्या केबलचं प्लास्टिक काडीसारखं मोडतं, चिकटपट्टी चिकटत नाही, उघड्या बोटाला धातू चिकटतो. दुसरी वेळ ऑगस्ट-सप्टेंबर, बर्फफोड्या जहाजावरून. तेव्हा तापमान शून्याच्या आसपास, हात चालतात, पण डबकी, चिखल आणि धुकं. मला स्वतःला एप्रिल बरा वाटतो. थंडीचा बंदोबस्त करता येतो, धुक्याचा नाही.

भोक परत गोठलं की तार अडकत नाही का?

अडकते. तेच तर हवं असतं.

मग माहिती वर येते कशी?

तारेतूनच. प्रोफायलर आणि बोया एकमेकांना कुठल्याच वेगळ्या विजेच्या वायरने जोडलेले नसतात. प्रोफायलरमधलं वेटोळं तारेत सूक्ष्म वीजप्रवाह उत्पन्न करतं, आणि तारेची दोन्ही टोकं समुद्राच्या पाण्याला लागलेली असल्यामुळे खारं पाणीच मंडल पूर्ण करतं. वरचा बोया ते संकेत वाचतो आणि इरिडियम उपग्रहांकडे पाठवतो. इरिडियमच का? विषुववृत्तावर स्थिर असणारे संचार उपग्रह ध्रुवाजवळून क्षितिजाखाली असतात. इरिडियमचे ६६ उपग्रह ध्रुवांवरून फिरतात, त्यामुळे तिथे उलट सर्वात जास्त दिसतात. जागा जीपीएस सांगतो. होकायंत्रावर मात्र तिथे भरवसा ठेवू नये, चुंबकीय ध्रुव फारच जवळ असतो.

लादी किती वेगाने वाहते? आणि कुठे?

ढोबळ हिशेब असा: बर्फ वाऱ्याच्या वेगाच्या दोन टक्के वेगाने जातो. सेकंदाला दहा मीटरचा वारा असेल तर दिवसाला सतरा किलोमीटर. तोही वाऱ्याच्या दिशेने नाही, उजवीकडे कलून. हे नान्सेनने ‘फ्राम’वरून पाहिलं होतं, वीस ते चाळीस अंशांचा फरक. पृथ्वीच्या फिरण्यामुळे असं होतं हे स्वीडिश शास्त्रज्ञ एकमनने १९०५मध्ये गणिताने मांडलं.

वाटा मुख्यतः दोन. कॅनडा-अलास्काच्या बाजूला बोफर्ट गिअर हा प्रचंड भोवरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्यात सापडलेली लादी वर्षानुवर्षं घुटमळू शकते. दुसरा प्रवाह सैबेरियाकडून ध्रुवावरून ग्रीनलंडकडे वाहतो आणि फ्राम सामुद्रधुनीतून बर्फ अटलांटिकमध्ये ओततो. या वाटेला लागलेलं उपकरण परत येत नाही, हे बसवतानाच माहीत असतं.

उथळ पाण्यात गेलं तर?

वजन तळाला टेकतं आणि घासत जातं. चुकची समुद्राची सरासरी खोली पन्नास मीटरच्या आसपास आहे, आणि तार आठशे मीटरची. कधी लादी पुन्हा खोल पाण्यात येते आणि उपकरण काहीच झालं नाही अशा थाटात आकडे पाठवू लागतं. कधी नाही.

बॅटरी थंडीत टिकते?

साध्या अल्कलाइन सेलची ताकद थंडीत झपाट्याने उतरते, म्हणून लिथियम. शिवाय प्रोफायलर पाण्यात असतो, तिथे हिवाळ्यातही उणे दोनच्या खाली तापमान जात नाही. त्रास वरच्या बोयाला जास्त. सौरपट्ट्यांचा विचार लोक सुचवतात, पण ध्रुवावर सहा महिने रात्र असते.

अस्वलांचं काय?

एक माणूस फक्त पहाऱ्यासाठी. तो झाराही धरत नाही, गप्पाही मारत नाही. सोबत आवाजाचे बार, रायफल शेवटचा उपाय. उपकरणांना अस्वलं कुतूहलापोटी ढकलतात, चावतात, वर बसतात. केबलींचा खरा वैरी कोल्हा. मोझेइकच्या छावणीत आर्क्टिक कोल्ह्यांनी केबली कुरतडल्या होत्या. म्हणून बर्फावर उघडी केबल जितकी कमी तितकी बरी.

उपकरण किती दिवस चालतं? कशाने बंद पडतं?

प्रोफायलर बेताने वापरला तर सुमारे तीन वर्षं पुरेल अशी बॅटरी असते. तेवढं आयुष्य थोड्यांनाच लाभतं. मोठा मारेकरी म्हणजे बर्फाचे बांध. दोन लाद्या एकमेकींत घुसल्या की मधला बोया भुईमुगाच्या शेंगेसारखा फुटतो. त्याखालोखाल तार तुटणं, आणि प्रोफायलर तारेवर घसरून वर न येणं.

उन्हाळ्याची एक गंमत आहे. बोयाच्या सावलीतला बर्फ कमी वितळतो, आजूबाजूचा झपाट्याने. काही आठवड्यांनी उपकरण बर्फाच्या खांबावर, छत्रीसारखं उभं दिसतं आणि मग एके दिवशी कलंडतं. म्हणून आता बोये तरंगणारे करतात आणि खाली निमुळते ठेवतात. पडला तरी तरंगेल, आणि शरदात पुन्हा गोठताना बर्फ त्याला चिरडण्याऐवजी वर उचलेल.

बिघडलं तर दुरुस्त करायला जाता?

नाही. योगायोगाने बर्फफोडं जहाज जवळून जाणार असेल तर काढून आणतात. म्हणून निघण्यापूर्वी लादीवर उभं राहूनच उपग्रहाकडे पहिली माहिती गेली की नाही ते पडताळायचं. त्यासाठी तासभर थंडीत ताटकळावं लागलं तरी ताटकळायचं. मागे एका मोहिमेत पायलट घाई करतो म्हणून ही पडताळणी गाळली गेली. त्या बोयाने एक आकडा पाठवला नाही. अँटेनाचा स्क्रू ढिला होता असं आम्ही समजतो, पण कोण जाऊन बघणार?

म्हणजे समुद्रात कचराच की?

आहेच, नाही म्हणणार नाही. लादी वितळल्यावर वजन, तार, बॅटरी तळाशी जातात. जमतील तेवढी उपकरणं गोळा केली जातात, काही वाहत किनाऱ्याला लागतात. जहाजाची एक फेरी जेवढं इंधन जाळते त्याच्याशी तुलना करून लोक स्वतःची समजूत घालतात. मला ती तुलना पूर्ण पटत नाही, आणि दुसरा मार्गही दिसत नाही.

परवानगी कोणाची?

किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या आतल्या पाण्यात संशोधन करायचं तर त्या देशाची संमती लागते. सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार सहा महिने आधी माहिती द्यावी लागते. पंचाईत अशी की खुल्या समुद्रात निवडलेली लादी नंतर कुणाच्या हद्दीत शिरेल हे बर्फालाच ठाऊक. वाहती वाट धरून आधीच पत्रव्यवहार केलेला बरा.

एवढं करून कळलं काय?

बरंच, पण एकच उदाहरण देतो. अटलांटिककडून आलेलं ऊबदार, खारट पाणी साधारण दोनशे मीटरांखाली सगळ्या आर्क्टिकभर पसरलेलं आहे. त्यातली उष्णता वरचा सगळा बर्फ वितळवायला पुरून उरेल. ती वर का येत नाही? कारण वरचं पाणी कमी खारं म्हणून हलकं आहे, आणि मधला थर झाकणासारखं काम करतो. कॅनडाच्या बाजूच्या खोऱ्यात प्रोफायलरांनी या सीमेवर तापमानाच्या पायऱ्या दाखवल्या. काही मीटर अगदी एकसारखं पाणी, मग एकदम उडी, पुन्हा काही मीटर एकसारखं. हीच पायरी शेकडो किलोमीटरवर दुसऱ्या लादीखालच्या प्रोफायलरलाही भेटते. वर्षभर, वरचेवर, हिवाळ्याच्या काळोखातही मोजल्याशिवाय असा जिना दिसला नसता.

बर्फ पातळ होतोय. मग हे काम संपणार का?

अवघड होतंय. सप्टेंबर २०१२मध्ये बर्फाचं क्षेत्र ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत घटलं, उपग्रह नोंदींतला तो नीचांक. जुना, जाड बर्फ शोधायला आता जास्त हिंडावं लागतं, म्हणून बोये पातळ बर्फावर आणि उघड्या पाण्यातही तग धरतील असे बनतात. ज्या बर्फाचं वितळणं मोजायचं त्याच्यावरच उभं राहायचं, असा हा मामला.

हे आकडे आम्हाला पाहता येतात?

हो, फुकट. वुड्स होलच्या संकेतस्थळावर चालू प्रोफायलरांचे नकाशे आणि आलेख असतात, माहिती बहुधा तासाभरात किंवा दिवसात पोचते. आलेख समजला नाही तरी वाटचालीची रेघ जरूर पाहा. ऑगस्टमध्ये, बर्फ विरळ असताना, त्या रेघेत बारा तासांच्या आसपासच्या छोट्या छोट्या गाठी दिसतात: लादी पृथ्वीच्या फिरण्यामुळे आणि भरती-ओहोटीमुळे गिरक्या घेत असते. डिसेंबरपर्यंत बर्फ एकमेकाला घट्ट टेकतो आणि गाठी नाहीशा होतात.